होस्टचा बॅकअप आहे ना? आहे की, त्याच होस्टवर

सकाळी साडेआठला मेसेज आला की प्रॉक्समॉक्सचं पान उघडत नाहीये. प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच मशीनवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी सिस्टिम, आणि हे पान म्हणजे तिचा ब्राउझरमधला कारभार. मी म्हटलं ब्राउझरचं काहीतरी असेल, कारण मेल चालू होता, फाइल सर्व्हर चालू होता, सगळे व्हीएम मस्त पळत होते आणि कोणाचीच तक्रार नव्हती. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कमांड द्यायच्या मार्गाने, होस्टच्या आत गेलो तर लॉगिन झालं, पण साधी डिस्क दाखवायची कमांड दिली तर इनपुट-आउटपुट एरर. दुसरी कमांड दिली, तोच एरर. एक-दोन कमांड चालल्या, त्या बहुतेक मेमरीत आधीच लोड झालेल्या असणार. डीमेसेज, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, कर्नलचा लॉग, कसाबसा उघडला तर ओळीच्या ओळी लाल, बूटची एसएसडी, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क, सिस्टिममधून गायब झालेली आणि रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली.

इथे मी जे केलं ते आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते. मी रीबूट मारला.

का मारला? कारण हात सवयीने तिकडेच जातो. रीबूट अर्ध्यात अडकला, मग पॉवर बटण दाबून बंद केलं, चालू केलं, आणि स्क्रीनवर आलं की बूट करायला डिव्हाइसच नाही. एसएसडी बायोसमध्येसुद्धा दिसेना. वर्षभरापूर्वी मीच म्हटलं होतं की बूटला एकच एसएसडी पुरे, डेटा तर मिरर केलेल्या झेडएफएस पूलवर (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या डिस्कच्या गटावर) आहे, बूटमध्ये असतं काय, परत इन्स्टॉल केलं की झालं.

आता बूटमध्ये असतं काय ते सांगतो, कारण हे मला माहीत होतं पण कळलं नव्हतं. प्रॉक्समॉक्समध्ये ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरच्या आत पीव्हीई नावाचं एक फोल्डर दिसतं, त्यात प्रत्येक व्हीएमची एक छोटी टेक्स्ट फाइल असते, १०१ डॉट कॉन्फ वगैरे, शिवाय स्टोरेजची यादी, युजर, परवानग्या, बॅकअपचे जॉब, फायरवॉल. दिसायला साधं फोल्डर, पण ते डिस्कवरचं फोल्डर नाहीच. एक सर्व्हिस ते फ्यूज नावाच्या सोयीने माउंट करते, म्हणजे फोल्डर म्हणून समोर जोडते, आणि खरा माल एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो, कॉन्फिग डॉट डीबी नावाची फाइल, व्हार-लिब च्या खाली पीव्हीई-क्लस्टर फोल्डरमध्ये. आणि त्याची अख्खी कॉपी मेमरीत असते. म्हणजे बूट डिस्क मेलेली असताना, माझं एसएसएच सेशन उघडं असताना, ते सगळं मेमरीतून वाचता आलं असतं! एकेक फाइल कॅट कमांडने दाखवून स्क्रीनवरून कॉपी करत बसलो असतो तरी पंधरा मिनिटांचं काम होतं, चालू व्हीएमच्या प्रोसेसची कमांडलाइनसुद्धा तिथेच होती. रीबूट मारून मी शेवटची चांगली प्रत स्वतःच्या हाताने पुसली. व्हीएम चालू आहेत तोवर होस्टला हात लावायचा नाही, आधी दिसेल ते बाहेर काढायचं, हे मला त्या दिवशी कळलं, पण अर्धा तास उशिरा.

असो. नवीन एनव्हीएमई लावली, प्रॉक्समॉक्स टाकलं, पूल इम्पोर्ट करायला गेलो तर म्हणे हा पूल दुसऱ्या सिस्टिमने वापरलेला दिसतोय. ते बरोबरच, नीट एक्सपोर्ट झालाच नव्हता, फोर्स लावल्यावर आला. यादी काढली तर चौदाच्या चौदा व्हीएमच्या डिस्क जागेवर. जीव भांड्यात पडला. मग वेब पान उघडलं आणि डावीकडे एकही व्हीएम नाही, पाटी कोरी. डिस्क आहेत पण कोणत्या व्हीएमला किती मेमरी, कोणतं मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर), कोणती डिस्क कुठल्या कंट्रोलरला, बूट व्हायला जुना बायोस की नवा यूईएफआय, व्हीलॅन टॅग कोणता, काहीही नाही. घर जसंच्या तसं उभं आणि किल्ल्यांचा जुडगा विहिरीत.

तरी मी तसा निवांत होतो, कारण मी हुशार माणूस, मी होस्टच्या ईटीसीचा टार, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, रोज रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीने, काढत होतो. कुठे ठेवत होतो? फाइल सर्व्हरवरच्या एनएफएस शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या फोल्डरमध्ये. आणि फाइल सर्व्हर कुठे? व्हीएम १०५. त्याच होस्टवर.

हे लक्षात आल्यावर मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. सर मागे उभे होते, त्यांनी विचारलं "बॅकअप आहे ना?", मी म्हटलं "आहे सर", आणि कुठे आहे ते सांगितलं नाही.

बरं, यातून मार्ग होता. झेडएफएसवर व्हीएमची डिस्क म्हणजे झेडव्हॉल, आणि तो होस्टला साधं ब्लॉक डिव्हाइस म्हणून दिसतो, पार्टिशनसकट. आधी त्या झेडव्हॉलचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला, कारण आता अजून एक चूक परवडणार नव्हती. मग पार्टिशन रीड-ओन्ली माउंट केलं. इथे एक बारीक गोष्ट आहे, व्हीएम नीट शटडाउन झालेलं नसेल तर ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचा जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, अर्धवट असतो आणि नुसतं रीड-ओन्ली म्हटलं तरी माउंट करताना त्या नोंदी डिस्कवर लिहिल्या जातातच, म्हणून नोलोड हा ऑप्शन पण द्यावा लागतो. तो दिला, माउंट झालं, बॅकअपचं फोल्डर उघडलं, आदल्या रात्रीचा टार तिथे होता. उघडला. ईटीसी आहे. नेटवर्कची फाइल आहे, होस्ट्स फाइल आहे, कर्नलच्या कमांडलाइनची फाइल आहे, मॉडप्रोब आहे. पीव्हीई फोल्डर आहे. आत गेलो.

रिकामं.

आदल्या दिवशीचा टार, रिकामं. त्याच्या आधीचा, रिकामं. पहिल्या दिवसापासून सगळे रिकामे. स्क्रिप्ट मी एका जुन्या लिनक्स सर्व्हरवरून उचलली होती आणि त्यात टारला एक ऑप्शन होता, एकाच फाइलसिस्टिममध्ये राहा, माउंट केलेल्या दुसऱ्या गोष्टींत शिरू नकोस. तिथे तो बरोबरच होता, पण इथे पीव्हीई फोल्डर हेच एक वेगळं माउंट, त्यामुळे टारने फोल्डरचं नाव घेतलं, आत पाऊल टाकलं नाही, आणि गुपचूप यशस्वी होऊन बाहेर पडला. एररही नाही. रोज सकाळी मला मेल यायचा, होस्ट बॅकअप ओके. मी तो मेल वाचायचोसुद्धा! पण टार उघडून बघितला असता एकदा तरी, तर तिसऱ्या मिनिटाला कळलं असतं.

आता राहिला बॅकअप सर्व्हर. तो मात्र वेगळ्या मशीनवर होता, नशीब. प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर, रोज रात्री व्हीएमचे बॅकअप जायचे, आणि त्या बॅकअपमध्ये डिस्कसोबत त्या व्हीएमची कॉन्फिग फाइल पण असते. म्हणजे सगळं आहे. फक्त मी एन्क्रिप्शन चालू केलं होतं, होस्टवरच एन्क्रिप्ट होऊन जाणारं, आणि त्याची की, म्हणजे ते उघडायची किल्ली, कुठे असते? पीव्हीई फोल्डरच्या आत, प्रायव्हेट, स्टोरेज, तिथे. म्हणजे मेलेल्या एसएसडीवर. कीशिवाय ते बॅकअप म्हणजे नुसता गोंगाट, अगदी कॉन्फिग फाइलसुद्धा एन्क्रिप्टेड, आणि इथे पासवर्ड विसरलात का असलं काही नसतं.

खरं सांगायचं तर की बनवताना प्रॉक्समॉक्स समोर एक खिडकी उघडतंच, की ही की नीट ठेवा, कॉपी करा, डाउनलोड करा किंवा प्रिंट काढा. मी त्यात काय केलं होतं ते आठवेना. लॅपटॉपचं डाउनलोडचं फोल्डर शोधलं, पासवर्ड मॅनेजर शोधला, जुना लॅपटॉप शोधला. शेवटी आमच्या टीमच्या मॅडमना फोन लावला, त्या दिवशी त्या रजेवर होत्या. मी सुरुवात केली, "मॅडम, ते बॅकअपच्या एन्क्रिप्शनचं..." तर त्यांनी मधेच तोडलं, "ते क्यूआर कोडवालं पान ना? अरे तूच प्रिंटरवर सोडून गेला होतास, मी सर्व्हरच्या वॉरंटीच्या फाइलला लावलंय. शेवटचं पान बघ." फाइल काढली, वॉरंटीचे कागद, आणि शेवटी प्लास्टिकच्या खिशात ते पान. कडेला पेनने लिहिलेलं, काय आहे माहीत नाही, टाकू नये.

ती ओळ बघून मला खरंच हसू आलं आणि थोडं रडूही.

कोड स्कॅन केला, मजकूर आला, फाइल केली. बॅकअप सर्व्हर स्टोरेज म्हणून जोडला, की दिली, आणि बॅकअपची यादी रिकामी. आता काय? तर जुन्या होस्टचं जे एपीआय टोकन (बॅकअप सर्व्हरला दाखवायची ओळख) होतं त्याचा सीक्रेटपण एसएसडीबरोबर गेलेला, म्हणून मी नवीन टोकन नवीन नावाने बनवलं होतं. आणि तिथे प्रत्येक बॅकअपला मालक असतो, टोकनच्या नावासकट, दुसऱ्या टोकनला साधी बॅकअपची परवानगी असेल तर फक्त स्वतःचे दिसतात. जुनं टोकन काढून त्याच नावाने परत बनवलं, यादी भरली. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे पण त्या पाच मिनिटांत माझं वजन कमी झालं असेल.

आता बहुतेक लोक इथे रीस्टोर दाबतील, मीही दाबणारच होतो. पण सगळ्या डिस्क परत आणायच्या तर कित्येक तास, आणि आणायच्या कशाला, डिस्क तर पूलवर सकाळपर्यंतच्या ताज्या आहेत, बॅकअप आदल्या रात्रीचा. मला हवी होती फक्त कॉन्फिग. बॅकअप निवडला की वर एक बटण असतं, कॉन्फिगरेशन दाखवा, ते दाबलं की व्हीएमची फाइल टेक्स्टमध्ये समोर येते. मी कॉपी केलं, बॅकअपच्या वेळी खाली जोडल्या गेलेल्या ओळी काढल्या, आणि क्यूईएमयू-सर्व्हर फोल्डरमध्ये त्याच नंबरच्या फाइलमध्ये पेस्ट केलं. सेव्ह केलं आणि डावीकडच्या यादीत व्हीएम उगवला. असे तेरा वेळा.

पहिला चालू केला, लगेच एरर, असं स्टोरेजच नाही. कारण कॉन्फिगमध्ये डिस्कचं नाव स्टोरेजच्या आयडीसकट असतं आणि मी नवीन होस्टवर पूल जोडताना आयडी मनाला येईल तो दिला होता. तेरा फाइली बदलण्यापेक्षा स्टोरेजचा आयडी जुन्यासारखा केला, झालं. स्नॅपशॉटच्या नोंदी बॅकअपमधल्या कॉन्फिगमध्ये येत नाहीत, त्यामुळे झेडएफएसला स्नॅपशॉट दिसतात आणि प्रॉक्समॉक्सला नाहीत, ते नंतर हाताने साफ केले.

नेटवर्कची गंमत वेगळीच. टारमधून नेटवर्कची फाइल मिळाली होती, म्हटलं चला एवढं तरी फुकट मिळालं, टाकली, रीलोड केलं आणि होस्ट नेटवर्कवरून गायब. मॉनिटर-कीबोर्ड घेऊन मशीनसमोर. झालं असं की जुनी एसएसडी साटाची होती आणि नवीन एनव्हीएमई, ती पीसीआय बसवर, म्हणजे मदरबोर्डवर कार्डं जोडली जातात त्या मार्गावर, बसली आणि तिच्या मागच्या सगळ्यांचे नंबर एकने सरकले. जे कार्ड ईएनपी३एस० होतं ते आता ईएनपी४एस०. व्हीएमना नेटवर्कला जोडणारा ब्रिज मात्र जुन्या नावाच्या कार्डाची वाट बघत बसलेला. नाव बदललं, चालू.

आणि हे समजल्यावरसुद्धा मी पुढचा खड्डा चुकवला नाही. व्हीएम १०९ ला एक यूएसबीचं कार्ड पासथ्रू, म्हणजे थेट त्याच्याच ताब्यात, दिलेलं होतं, कॉन्फिगमध्ये त्याचा पत्ता ०४:००. मी १०९ चालू केला आणि सगळं परत बंद, वेब पान, एसएसएच, बाकीच्या व्हीएमचं नेटवर्क, सगळं. कारण ०४:०० वर आता यूएसबी कार्ड नव्हतं, होस्टचं नेटवर्क कार्ड होतं, आणि प्रॉक्समॉक्सने इमानदारीत ते होस्टकडून काढून व्हीएमला देऊन टाकलं. परत मॉनिटर-कीबोर्ड. सरांनी या वेळी काही विचारलं नाही, फक्त बघितलं.

चौदावा व्हीएम, ११२, त्याचा बॅकअपच नव्हता, टेस्टचा म्हणून जॉबमधून वगळलेला आणि अर्थातच त्यावर कोणीतरी कामाचं काहीतरी चालवत होतं. त्याची कॉन्फिग अंदाजाने बनवली, चालू केला तर बूट डिस्क नाही म्हणे. मग झेडव्हॉल नीट बघितले तर त्याच्या नावाने दोन होते, एक ४० जीबीचा आणि एक फक्त १ एमबीचा. एवढीशी डिस्क कोण बनवतं? ती यूईएफआयची व्हेरिएबल्स ठेवायची डिस्क. म्हणजे व्हीएम यूईएफआयचा आणि मी त्याला जुना बायोस देऊन बसलो होतो. बदललं, बूट झाला, पण नेटवर्क नाही, कारण मॅक ॲड्रेस नवा आणि आतलं उबंटू क्लाउड-इनिटने (पहिल्या बूटला आपोआप सेटिंग करणाऱ्या साधनाने) बनवलेलं, त्याची नेटप्लॅन ही नेटवर्कची फाइल जुन्या मॅकवरच अडून बसलेली. पण त्याच फाइलमध्ये जुना मॅक लिहिलेला होता की! तो उचलून कॉन्फिगमध्ये टाकला, झालं.

संध्याकाळी सातला सगळं उभं. युजर, परवानग्या, बॅकअपचे जॉब हे आठवून आठवून परत केले, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की टारवाला क्रॉनच नाहीये, कारण रूटचा क्रॉनटॅब ईटीसीमध्ये नसतोच, तो व्हार-स्पूलमध्ये असतो. म्हणजे बॅकअप घेणाऱ्याचाच बॅकअप नव्हता.

यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरची असलीच सिस्टिम, सांभाळायचो, तिथे एका कमांडवर अख्ख्या होस्टचं कॉन्फिग एका बंडलमध्ये मिळायचं आणि डाउनलोडची लिंक यायची, होस्टच्या नावाच्या जागी चांदणी असायची, तिथे आपण आयपी टाकायचा. परत टाकताना होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये हवा, बिल्ड नंबर तोच हवा, आणि रीस्टोर झालं की तो विचारत न बसता स्वतः रीबूट होतो. त्या बिल्ड नंबरवर मी तेव्हा खूप चिडायचो, पण निदान एक वस्तू आहे, एक फाइल, हातात धरता येते. प्रॉक्समॉक्सला तसं एक बटण मला तरी सापडलं नाही, आपणच गोळा करायचं.

तर आता मी काय गोळा करतो. कॉन्फिग डॉट डीबी, पण नुसती कॉपी नाही, कारण ती चालू असताना बाजूला वॉल फाइल असते, अजून मुख्य फाइलमध्ये न गेलेल्या बदलांची, आणि नुसती कॉपी अर्धवट येऊ शकते, म्हणून एसक्यूलाइटच्याच बॅकअप कमांडने. पीव्हीई फोल्डर टेक्स्ट म्हणून वेगळं, वाचायला आणि कालच्याशी ताडून बघायला. बाकीचं ईटीसी, रूटचं घर, क्रॉनटॅब. शिवाय काही कमांडचं आउटपुट, पॅकेजची व्हर्जन, पूलची स्थिती, पीसीआयची यादी, नेटवर्क कार्डांची नावं आणि मॅक. हे सगळं मिळून काही एमबी. ते बॅकअप सर्व्हरवर जातं आणि अजून एका मशीनवर, आणि स्क्रिप्ट शेवटी टार उघडून आत किती कॉन्फ फाइली आहेत ते मोजते. शून्य आल्या तर मेलचा विषयच वेगळा. या सगळ्यात कीपण येते, म्हणून हा टार उघडा कुठेही टाकत नाही, वेगळ्या पासवर्डने बंद करतो, आणि हो, तो पासवर्ड या होस्टवर नाही.

मग एकदा ड्रिल, म्हणजे रीस्टोरचा सराव, केलं. व्हीएममध्येच प्रॉक्समॉक्स टाकलं, नेटवर्क पूर्ण तोडून, कारण आयपी तोच येणार आणि मुख्य म्हणजे बॅकअपचे जॉबपण डेटाबेसबरोबर परत येतात, रात्री हा खोटा होस्ट खऱ्या बॅकअप सर्व्हरला जाऊन भिडायला नको. क्लस्टरची सर्व्हिस बंद, डेटाबेस बदलला, सर्व्हिस चालू. सगळे व्हीएम आले पण राखाडी, प्रश्नचिन्ह लावून, एका बंद पडलेल्या नोडखाली (होस्टला तिथे नोड म्हणतात). कारण मी ड्रिलच्या मशीनला होस्टनेम वेगळं दिलं होतं आणि आत सगळं नोडच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. नाव जुनं दिलं, होस्ट्स फाइलमध्ये नाव आणि आयपी जुळवलं, ते नाही जुळलं तर ती सर्व्हिस उठतच नाही, आणि मग सगळं जागेवर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळीस मिनिटं, त्यातली बरीचशी इन्स्टॉलमध्ये.

बूटला आता दोन एसएसडी मिररमध्ये आहेत. नेटवर्क कार्डाचं नाव मॅकवरून पक्कं केलंय, आणि पासथ्रूचं कार्ड थेट पत्त्याने न देता रिसोर्स मॅपिंगने दिलंय, व्हर्जन ८ पासून ते आलंय, त्यात त्या पत्त्यावर दुसरंच कार्ड सापडलं तर व्हीएम चालूच होत नाही. ते क्यूआरवालं पान अजून वॉरंटीच्या फाइललाच आहे, एक प्रत मॅडमच्या कपाटात. पेनने लिहिलेली ओळ मी खोडून खाली नीट लिहायला गेलो होतो, मॅडम म्हणाल्या राहू दे, त्या ओळीमुळेच ते टिकलं.